सात बेचाळीसची

बापूंचा गोल्फ मी पहिल्यांदा पाहिला तो त्यांच्या तळघरात. बाहेर न्यू जर्सीतल्या एडिसनचा फेब्रुवारी, दारात गुडघाभर बर्फ, आणि खाली बापू कानटोपी घालून एका जुन्या गालिच्यावर वाकून उभे. गालिच्याच्या दुसऱ्या टोकाला स्टीलचं फुलपात्र आडवं ठेवलेलं. बापू पटरने चेंडू हलकेच ढकलायचे. चेंडू गालिच्याच्या सुरकुतीपाशी जरा घुटमळायचा, मग ती ओलांडून फुलपात्रात शिरायचा आणि 'टण्' असा आवाज व्हायचा. लगेच बापू शिवणयंत्रावर उघडी ठेवलेली लाल कापडी बांधणीची चोपडी ओढून तीत एक रेघ मारायचे.

"शंभरात एकसष्ट," ते म्हणाले. "गेल्या मंगळवारी अठ्ठावन्न होते."

"वा! म्हणजे सुधारणा आहे."

"सुधारणा कसली? हीटर फार वेळ चालला की गालिचा कोरडा पडतो आणि चेंडू पळतो. ते तीन मी वेगळे दाखवलेत."

बापूंच्या वडिलांनी सांगलीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी केली. शाळा सुटली की बापू त्या जाळीच्या खिडकीमागे स्टुलावर बसून गृहपाठ करायचे, आणि बोलता बोलता आजही ते 'साडेसात' म्हणत नाहीत, 'सात तीस' म्हणतात. पुढे बापूंनी एका सहकारी बँकेत काही वर्षं खतावणी लिहिली. १९७९ साली अमेरिकेत आले आणि एका विमा कंपनीच्या हिशेब खात्यात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना गोल्फचा सेट दिला. बापूंनी आधी त्याची किंमत काढली. मग दुकानात परत देता येईल का याची चौकशी केली. येणार नाही म्हटल्यावर खेळ शिकले.

पण खेळाने त्यांना खरं धरलं ते टी टाइमने. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त अकरा सत्तावीसचा असतो आणि अक्षता पडतात पाऊण वाजता. गोल्फच्या मैदानावर पहिला फटका मारण्याची वेळ ठरते ती अशी: सात तेहेतीस, सात बेचाळीस, सात एक्कावन्न. दर नऊ मिनिटांनी चौघांची एक तुकडी सुटते. बापूंनी तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणे त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे, ही तर एसटी आहे," ते आपल्या बायकोला, म्हणजे शैलावहिनींना, म्हणाले. "आणि वेळेवर सुटते!"

त्यांच्या खेळाबद्दल थोडं सांगायला हवं, पण थोडंच. बापूंचा चेंडू उजवीकडे जातो. वारा असो नसो, समोर झाड असो, तळं असो, तो उजवीकडे जातो. इतर लोकांना याला दोष म्हणायची सवय आहे. बापू दोष म्हणत नाहीत. जी गोष्ट दर वेळी होते तिची तरतूद करता येते. म्हणून ते फेअरवेकडे, म्हणजे चेंडू जिथे पडायला हवा त्या पट्ट्याकडे, पाठ फिरवून, डावीकडच्या कुणाच्या तरी परसात मारायचं असल्यासारखे उभे राहतात. परसातली बाई कपडे वाळत घालता घालता दचकते. चेंडू तिच्याकडे निघतो, अर्ध्या वाटेत विचार बदलतो आणि फेअरवेच्या मध्यावर येऊन बसतो. कधीकधी विचार बदलत नाही.

त्या फेब्रुवारीत मला तळघरात बोलावण्यामागे हेतू होता. गोल्फच्या सहलीसाठी बापूंना चौथा हवा होता.

सहलीची योजना तोवर एक हिवाळा जुनी झाली होती. पहिले बापू. दुसरे डॉक्टर, म्हणजे दाताचे. तिसरे मामा, जे कुणाचेच मामा नाहीत पण नागपूरचे असल्यामुळे सगळ्यांचे आहेत. तिघंच गेलो तर मैदानवाले चौथा म्हणून कुणीतरी अनोळखी माणूस जोडून देतात, आणि अनोळखी माणसाची बापूंकडे कसलीच आकडेवारी नसते. तो किती वेळ घेतो, किती चेंडू हरवतो, मध्येच आपल्या घटस्फोटाबद्दल बोलायला लागतो का, काहीच ठाऊक नाही. त्यापेक्षा ज्याला खेळता येत नाही हे नक्की माहीत आहे असा माणूस बरा.

"पण बापू, मी आयुष्यात काठी हातात धरलेली नाही."

"तेच म्हणतोय मी. तुझा अंदाज चुकायची भीती नाही."

*

जायचं कुठे, हा प्रश्न खरं तर शैलावहिनींनी सोडवला. "गवत बघायला मी नऊशे मैल येणार नाही," त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. "बघण्यासारखं काहीतरी असेल तर बोला." तेव्हा ठरलं की गाव उबदार हवं आणि जुनंही हवं. नवऱ्यांना ऊन, बायकांना इतिहास.

बापूंनी तीन गावं काढली. चार्ल्सटन, सव्हाना आणि फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन. चार्ल्सटनचा दावा मोठा होता. १७८६ सालीच तिथे गोल्फ क्लब निघालेला. पण बापूंच्या तक्त्यात 'स्थापना' असा एक रकाना होता आणि त्यात सेंट ऑगस्टीनने सगळ्यांना मागे टाकलं. स्पेनच्या पेद्रो मेनेंदेसने ते वसवलं १५६५ साली. युरोपियनांनी वसवलेलं आणि तेव्हापासून सलग नांदतं असं अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याहून जुनं गाव नाही.

"१५६५ म्हणजे तालिकोटच्या लढाईचं साल," बापू म्हणाले. "जानेवारीत तिकडे विजयनगर बुडालं, सप्टेंबरात इकडे हे उभं राहिलं. जमेला आलं."

या माणसाला दोन खंडांचा इतिहासही एकाच पानावर जुळवून हवा असतो.

मग चोपडीची पानं भरायला लागली. पामर आणि निक्लॉस या दोघा दिग्गजांनी मिळून आखलेलं एक मैदान तिथे आहे, ते आलं. काउंटीचं स्वस्त मैदान आलं. तिथून अर्ध्या-पाऊण तासावर पाँटे व्हेड्रा बीचला टीपीसी सॉग्रास आहे. १९८२ पासून दर वर्षी तिथे प्लेयर्स चॅम्पियनशिप होते आणि खिसा सैल सोडला तर आपल्यासारख्यालाही खेळू देतात. ते यादीत आलं, खोडलं गेलं, पुन्हा आलं. आणि सगळ्यांच्या वर, लाल शाईने अधोरेखित: वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेम, वेळ दोन तास दहा मिनिटं. १९९८ पासून ते सेंट ऑगस्टीनलाच होतं. थोर खेळाडूंच्या काठ्या, टोप्या, चषक, सगळं तिथे.

योजना इतकी बारीक होत गेली की दुसरा हिवाळाही गेला. डॉक्टरांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून घेतलं. मामांनी गाडी बदलली, त्यामुळे डिकीत चार बॅगा कशा बसतील त्याची आकृती नव्याने काढावी लागली. आणि या गडबडीत २०२३ साली सेंट ऑगस्टीनचं हॉल ऑफ फेम बंद झालं आणि पुढच्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनात पाइनहर्स्टला जाऊन उघडलं. बापूंची आखणी पुरी होण्याची वाट बघून बघून एक आख्खं संग्रहालय उठून दुसऱ्या राज्यात गेलं.

मामांनी फोन केला. "काय बापू, तुमचा हॉल पळून गेला म्हणते."

"पळाला नाही," बापू शांतपणे म्हणाले. "आपल्याकडे सरकला. हमरस्त्यापासून तासाभरावर आलाय. जाता जाता बघू."

ऊब हा मुद्दा मात्र त्यांना शेवटपर्यंत सतावत राहिला. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळा उत्तरेकडचा हिंदुस्थान, म्हणजे न्यूयॉर्क-बोस्टनवाले, ऊन शोधत फ्लोरिडात उतरतात आणि मैदानांचे दर आभाळाला भिडतात. बापूंनी आलेख काढला. निळी रेघ तपमानाची, लाल रेघ पैशांची. तपमान चढत गेलं तसे पैसे उतरत गेले. जिथे लाल रेघ अगदी तळाला टेकली होती तिथे त्यांनी पेन्सिलीने गोल केला.

मी वाकून पाहिलं. "बापू, हा जुलै आहे."

"हो."

"जुलैत आपल्या एडिसनलाच भट्टी पेटलेली असते. मग ऊब शोधायला तिकडे कशाला जायचं?"

बापूंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे सांगली स्टँडवर चुकीच्या फलाटावर उभ्या असलेल्या उतारूकडे बघावं तसं बघितलं. "ऊब आपल्याला हवी होती की नाही? मग ती सगळ्यांत स्वस्त कधी मिळते ते बघायला नको?"

*

दोन गाड्या, आठ माणसं. पुढच्या गाडीत बापू, डॉक्टर आणि दोन बायका. मागच्या गाडीत मामा, मी आणि उरलेल्या दोन. निघायची वेळ पहाटे चार बारा होती. चार बारालाच निघालो. चार अकराला डॉक्टरांच्या बायकोला गॅस बंद केल्याची शंका आली होती, पण बापूंनी त्या शंकेसाठी तीन वाजून पंचावन्न ते चार पाच अशी दहा मिनिटं आधीच ठेवली होती आणि ती वेळ निघून गेलेली होती. गॅस बंद होता, हे नंतर शेजाऱ्याने फोनवर कळवलं.

वाटेत प्रत्येक थांब्यावर वहिनींच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मोजून चहा. पाइनहर्स्टला हॉल ऑफ फेम पाहून झालं तेव्हा घड्याळात दोन तास चार मिनिटं झाली होती. उरलेली सहा मिनिटं बापू बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

सेंट ऑगस्टीनला पोचलो तेव्हा गाव वाफाळलं होतं. मटान्सास नदीच्या कडेला तो बुटका, रुंद, राखाडी किल्ला, अरुंद गल्ल्या, दगडी कठडे, स्पॅनिश कौलं. मोटेलच्या दारात उभं राहिलं तरी चष्म्यावर धुकं यायचं. मला एकदम चिपळूणला मामाकडे आल्यासारखं वाटलं.

बायकांसाठी बापूंनी 'समांतर कार्यक्रम' नावाचा कागद केला होता, प्लास्टिकच्या वेष्टणात घालून. सकाळी फ्लॅगलर कॉलेज, सत्तर मिनिटं. ही खरी तर १८८८ सालची जंगी हॉटेलची इमारत; हेन्री फ्लॅगलर या तेलसम्राटाने श्रीमंत उत्तरवाल्यांना हिवाळ्यात ऊब मिळावी म्हणून बांधलेली. आता तिथे पोरं शिकतात आणि टिफनीच्या रंगीत काचांच्या खिडक्यांखाली बसून जेवतात. मग सेंट जॉर्ज स्ट्रीट, चाळीस मिनिटं, 'खरेदी नाही' अशा टिपेसह. मग फाउंटन ऑफ यूथ. पाँसे दे लिऑन या स्पॅनिश दर्यावर्दीच्या नावाने सांगितली जाणारी चिरतारुण्याच्या झऱ्याची दंतकथा तिथे जपली आहे, आणि झऱ्याचं पाणीही मिळतं.

बायकांनी तो कागद वारा घ्यायला वापरला. सेंट जॉर्ज स्ट्रीटवर साडेतीन तास लागले आणि टीप पाळली गेली नाही. झऱ्याचं पाणी मात्र सगळ्यांनी घेतलं. "गंधकाचा वास येतो हो," वहिनी संध्याकाळी म्हणाल्या. "अगदी वज्रेश्वरी. तिथे आंघोळ करतात, इथे पितात एवढाच फरक."

"किती प्यायलीस?" बापूंनी विचारलं.

"दोन पेले."

बापूंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. मला वाटतं ते फरक मोजत होते.

*

खेळाचा पहिला दिवस दुपारचा होता, कारण दुपारी दर आणखी उतरतो. दुपारी दर का उतरतो हे सहाव्या होलवर कळलं. आधी पश्चिमेकडे एक ढग दिसला, फुलकोबीसारखा. बघता बघता तो काळा झाला, लांब कुठेतरी गुरगुरलं आणि मैदानभर भोंगा वाजला. विजेचा इशारा. सगळ्यांनी काठ्या टाकून आत पळायचं. आम्ही कार्ट दामटत छपराखाली पोचलो आणि मागे आभाळ फाटलं.

काउंटरवरच्या पोराने सांगितलं की उन्हाळ्यात हे जवळजवळ रोजचंच आहे. जमीन तापते, एका बाजूने अटलांटिकचा वारा आत येतो, दुसऱ्या बाजूने मेक्सिकोच्या आखाताचा, दोघं मध्ये भेटतात आणि दुपार कलली की कोसळतं.

मला वाटलं, आता बापू खचणार. तीन हिवाळ्यांची मेहनत, आणि सहा होल. पण बापूंचा चेहरा उजळला होता.

"कलली की म्हणजे नक्की किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"तीनच्या पुढे-मागे," पोरगा म्हणाला.

बापूंनी घड्याळ पाहिलं. तीन दहा. त्यांनी चोपडी उघडून लिहिलं. "बघ," ते मला म्हणाले, "आपल्याकडचा वळीव बेभरवशाचा. हा पाऊस नेमून दिल्यासारखा येतो." मग पोराने न खेळलेल्या होलांच्या बदल्यात रेन चेक म्हणून एक चिठ्ठी दिली, वर्षभरात कधीही या म्हणून. बापूंनी ती चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचली, घडी न करता पाकिटात ठेवली आणि मला म्हणाले, "येणं बाकी." पुढच्या वर्षीच्या सहलीचं पान मला वाटतं त्या क्षणी उघडलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. आकाश निरभ्र, गवत हिरवंगार, आणि पहिल्याच ग्रीनवर पाऊल ठेवतो तर सगळी हिरवळ चाळणीसारखी भोकं-भोकं झालेली, वरून वाळू पसरलेली. मुळांना हवा मिळावी म्हणून यंत्राने अशी भोकं पाडतात. तिकडचं बर्म्युडा गवत उष्णतेत लवकर भरून येतं, म्हणून हे काम भर उन्हाळ्यात काढतात. दर उतरण्याचं दुसरं कारण हे होतं. आलेखात लाल रेघ तळाला टेकली होती ती उगाच नव्हे.

"काहून बापू," मामा म्हणाले, "हे चोपडीत नव्हतं?"

नव्हतं. पण त्या दिवशी जे घडलं ते मी विसरणार नाही. मामांचा चेंडू टुण टुण उड्या मारत बाजूला गेला. डॉक्टरांचा एका भोकात बसला तो तिथेच. बापू वाकले, त्यांनी हलकेच ढकललं, चेंडू भोकांवर जरा घुटमळला, वाळूची सुरकुती ओलांडली आणि नीट होलमध्ये पडला. पुढच्या ग्रीनवर तेच. त्याच्या पुढच्या ग्रीनवर तेच. जिची तालीम एडिसनच्या तळघरातल्या गालिच्यावर झाली होती अशी हिरवळ अख्ख्या फ्लोरिडात तीच एक असावी. त्या दिवशी बापू आमच्यात सोळा पटांनी, म्हणजे पटरच्या सोळा फटक्यांनी, पुढे होते आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. ते कमी झालेल्या दराची पावती मागत होते.

डॉक्टरांचं दुःख वेगळंच होतं. डॉक्टर खेळतात कमी आणि शोधतात जास्त. न्यू जर्सीत ते झाडीत शिरतात आणि आपला एक चेंडू शोधता शोधता परक्यांचे पाच घेऊन येतात. त्यांनी गेल्या सहा वर्षांत चेंडू विकत घेतलेला नाही. इथे प्रत्येक तळ्याकाठी मगरींची पाटी. अकराव्या होलवर खरीच एक पडली होती काठावर, तोंड उघडून. आम्ही तिघं कार्टमध्येच थांबलो. डॉक्टर थोडे पुढे गेले, कपाळावर हात धरून त्यांनी तिच्या जबड्यात पाहिलं आणि परत आले.

"कीड नाही कुठे," ते म्हणाले.

किल्ल्याला बापूंनी पंचेचाळीस मिनिटं दिली होती. तिथे मात्र त्यांचं घड्याळ चुकलं, आणि ते चुकलं याचा मला आजही आनंद वाटतो. कास्तिय्यो दे सान मार्कोस १६७२ साली बांधायला घेतला, रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी, आणि १६९५ ला पुरा झाला. तो बांधलाय कोकिना नावाच्या दगडाने. दगड म्हणायचं, पण जवळून बघितलं तर नुसते शिंपलेच. हजारो वर्षं दाबले जाऊन एकमेकांना चिकटलेले. १७०२ साली चार्ल्सटनहून इंग्रज आले. गाव जाळलं, सात आठवडे वेढा घातला. गावातली दीड हजार माणसं आत कोंडलेली. तोफा चालत राहिल्या आणि भिंत काही तडकेना. कठीण दगड फुटतो, हा मऊ. गोळा आला की तो जरासा दबायचा आणि गोळ्याला पोटात घ्यायचा. तो किल्ला लढून कुणालाच घेता आला नाही.

"जंजिरा," मी म्हटलं.

"जंजिरा काळाकभिन्न आहे. हा बंकर आहे," बापू म्हणाले. ते भिंतीला नाक लावून उभे होते. "अरे, वाळूत चेंडू रुततो तसा गोळा रुतायचा. म्हणजे समोरच्याचे गोळे यांच्याकडेच जमा." मग बराच वेळ ते तटावरून फिरत राहिले. सव्वादोन तास. खाली वहिनी आईस्क्रीमचा दुसरा कोन संपवत होत्या.

*

शेवटच्या दिवशी सॉग्रास. बापूंनी वेळ मिळवली होती ती अर्थातच सात बेचाळीसची.

या मैदानाबद्दल त्यांच्या चोपडीत चार पानं होती आणि पहिली ओळ अशी: 'जमीन ४१५ एकर, खरेदी किंमत १ डॉलर.' हे खरं आहे. दलदलीची ती जागा गोल्फवाल्यांना एका डॉलरला मिळाली. त्याखाली बापूंनी आमच्या चौघांची फी लिहून भागाकार केला होता. भागाकाराचं उत्तर मी इथे देत नाही. ते वाचून बापू एक रात्र झोपले नव्हते, असं वहिनी सांगतात.

उरलेली तीन पानं सतराव्या होलची. हा होल जगभर प्रसिद्ध आहे, कारण ग्रीन पाण्याच्या मधोमध आहे. मैदान आखणाऱ्या पीट डाय यांना बाकीच्या कामासाठी वाळू हवी होती. ती याच जागेतून उपसत गेले आणि शेवटी एक मोठा खड्डा आणि मधे थोडीशी जमीन उरली. तेव्हा त्यांची पत्नी अ‍ॅलिस म्हणाली, मग याचं बेटच करून टाका की.

"बघा," वहिनींनी ही गोष्ट ऐकून म्हटलं होतं. "बाईचं डोकं चाललं म्हणून नाव झालं."

प्रसिद्ध खेळाडूंच्या टीवरून ते अंतर १३७ यार्ड. आमच्यासारख्यांसाठी त्याहून पुढची टी असते. फटका तसा लहानच. पण त्या पाण्यातून वर्षाला लाखाच्या वर चेंडू निघतात. बापूंनी त्याला तीनशे पासष्टने भागलं, मग दिवसाच्या खेळाडूंनी भागलं, स्वतःची उजवी बाजू त्यात मिळवली आणि चोपडीत बुडीत खातं उघडलं. सतरावर दोन चेंडू. अठरावर डाव्या अंगाला सबंध तळं आहे, म्हणून तिथे एक. एकूण तीन. हे तीन चेंडू त्यांनी घरूनच आणले होते: पिवळे पडलेले, एकाचं तर साल निघालेलं, तिन्हींवर पेनाने 'बु' लिहिलेलं.

सोळा होल आम्ही कसे खेळलो ते जाऊ द्या. माझे तर सतराच्या टीवर पोचेपर्यंत डझनभर संपले होते, आणि तिथे मी आणखी तीन पाण्याला दिले. मामांचा फटका बेटावरून उडून पलीकडे गेला, एवढा जोर. डॉक्टरांचा अलीकडे. मग बापू उभे राहिले. खिशातून साल निघालेला 'बु' काढला, टीवर ठेवला, डावीकडे तोंड केलं आणि मारला.

चेंडू डावीकडे निघाला. अर्ध्या वाटेत त्याने विचार बदलला. उजवीकडे वळला, वळत राहिला, आणि बेटाच्या ऐन मध्यावर पडून थांबला.

आम्ही ओरडलो. मागच्या तुकडीतल्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापू खिशात हात घालून उभे होते.

"बापू! ग्रीनवर!"

"दिसतंय मला," ते म्हणाले. बेटावर जाणाऱ्या त्या चिंचोळ्या वाटेने ते असे चालले जसा एखादा माणूस दुसऱ्याच्या नावाचं पार्सल घेऊन चालतो. ग्रीनवर पोचल्यावर काय करायचं हे चार पानांत कुठेच नव्हतं. हिरवळ काचेसारखी गुळगुळीत. सुरकुती नाही, भोक नाही. पहिला पट होल ओलांडून गेला, दुसरा परत आला, तिसरा कडेवरून फिरला, चौथा पडला. एकूण पाच. योजनेत सहा होते.

"एकाने कमी," मी म्हटलं.

"दोन चेंडू शिल्लक राहिले," बापू म्हणाले. "तरतूद चुकली." खिशातले उरलेले दोन 'बु' ते बोटांनी चाचपत होते, आणि कार्टमध्ये बसल्यावर त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही.

अठराव्या टीवर ते गप्पच उभे राहिले. डावीकडे सबंध तळं. बापूंनी सवयीने डावीकडे तोंड केलं, साल निघालेलाच चेंडू ठेवला आणि मारला. या वेळी त्याने विचार बदलला नाही. पाण्यात गोल कडी उमटली. हा एक हिशेबातला. त्यांनी दुसरा 'बु' काढून खाली टाकला, मारला. पुन्हा कडी. मामा काही बोलणार होते, मी त्यांचा हात दाबला. बापूंनी तिसरा काढला, एकदा हातात फिरवून पाहिला, नेहमीपेक्षा जरा जास्तच डावीकडे वळले, आणि मारला.

तिसरी कडी विरेपर्यंत ते पाण्याकडे पाहत राहिले. मग मागे वळले तेव्हा मी त्यांना तीन वर्षांत प्रथमच इतकं सुखी पाहिलं. त्यांनी डॉक्टरांशी हस्तांदोलन केलं, मामांच्या पाठीवर थाप मारली. तो होल शेवटी त्यांनी कितीत पुरा केला, हे मोजायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

क्लबहाउसच्या पायऱ्यांवर वहिनी वाट बघत होत्या, हातात सेंट जॉर्ज स्ट्रीटच्या चार पिशव्या. बापू लांबूनच हसत येताना दिसले तशा त्या उठून उभ्या राहिल्या.

"काय हो, जिंकलात की काय?"

"जुळलं," बापू म्हणाले.